ज्यांना फोन गेला नाही

शनिवारची सकाळची शाळा होती. पाच दिवसांचं प्रशिक्षण संपवून मी त्या दिवशी परत आले होते. वर्गात पाय टाकला आणि आधी नजरेत भरल्या त्या बाटल्या. पहिली-दुसरीचा माझा वर्ग. एरवी पाच-सहा जणांकडं पाण्याची बाटली असायची, बाकीची मुलं सुटीत टाकीच्या नळाला ओंजळ लावायची. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक दप्तराशेजारी बाटली उभी होती. कुणाची थंड पेयाची रिकामी झालेली, कुणाची बाजारातून नवी आणलेली. फक्त भिंतीकडच्या पट्टीवर एकही नव्हती. तिथं वीटभट्टीवरची मुलं बसायची. चार मुलं होती, त्यातलं त्या दिवशी एकच आलं होतं.

पुढच्या ओळीतल्या मुलीला मी विचारलं, "बाटल्या का गं आणल्यात सगळ्यांनी?"

"आई म्हनली, टाकीचं पानी प्यायचं न्हाई. कावीळ हुती त्यानं."

"आईला कुणी सांगितलं?"

"सरांनी फोन केल्ता."

मी खिशातून मोबाइल काढून पालकांचा व्हॉट्सॲप गट उघडला. आठवडाभरात तिथं तीन गोष्टी आल्या होत्या. शाळा रंगवल्याचे फोटो, मूल्यांकन समिती पुढच्या आठवड्यात येणार असल्याची सूचना आणि एक सुविचार. काविळीबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी दौंडला राहते. शाळा शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावाकडच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही. दोन शिक्षकी शाळा. मुख्याध्यापक तिसरी-चौथी घ्यायचे, मी पहिली-दुसरी. गावात बागायती चांगली, कांदा, झेंडू, ऊस. बरेचसे बाप रांजणगावला कंपनीत जाणारे आणि आया शेतात. नदीच्या अंगाला वीटभट्टी होती. दिवाळीनंतर तिथं मध्य प्रदेशातली कुटुंबं यायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीला जायची. त्यांची सात मुलं त्या वर्षी शाळेत होती.

पालकांचा गट आधी खुला होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन बापांनी त्यावर एकमेकांची आयमाय काढली, तेव्हा सरांनी गटाला कुलूप लावलं. म्हणजे लिहायचं फक्त त्यांनी आणि वाचायचं सगळ्यांनी. निवडणूक संपली, भांडणारे दोघं एका लग्नात शेजारी जेवले, कुलूप मात्र राहिलं. कुणाच्या पोराला ताप आला, कुणाला उद्या शाळा आहे का विचारायचं असलं, तरी गटावर विचारता येत नव्हतं. मी सरांना दोनदा म्हटलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, शांतता आहे ना आता? मग?"

भट्टीवरच्या लोकांचा या गटाशी काही संबंधच नव्हता. सगळ्यांत मिळून दोन बटणाचे फोन होते आणि ते पुरुषांच्या खिशात. त्यांच्यासाठी मी माझी सोय केली होती. दुसरीत एक मुलगी होती, सात वर्षांची. लागोपाठ तिसऱ्या वर्षी आमच्या गावात आली होती आणि गावची मराठी गावच्या पोरींपेक्षा ठसक्यात बोलायची. शाळा सुटताना मी तिला जवळ बोलवायची आणि निरोप सांगायची. उद्या सकाळची शाळा. परवा जंताची गोळी आहे, जेवून यायचं. सोमवारी डॉक्टर तपासायला येणार आहेत, आईला घेऊन ये. ती एकदा मला म्हणून दाखवायची आणि मग पळत भट्टीवर जाऊन झोपडी-झोपडीपुढं हिंदीत सांगायची. एकही निरोप चुकला नाही कधी. मला त्याचं फार कौतुक होतं. शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत मी ते मिरवून सांगितलंही होतं. सात वर्षांच्या पोरीच्या पायांवर मी सात मुलांची काळजी सोपवली होती आणि त्याला उपक्रम म्हणत होते. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

त्या शनिवारी ती आली नव्हती.

मी हजेरीपट उघडला. पाच दिवस माझ्या वर्गाची हजेरी सरांनी भरली होती. सोमवार ते शुक्रवार, भट्टीवरची चारही मुलं हजर. पट्टीवर एकटं बसलेलं होतं त्याला विचारलं, बाकीची कधीपासून आली नाहीत. ते पोर म्हणालं, निरोप सांगणारी ती सोमवारी खिचडी खाऊन वांती करत घरी गेली, ती गेलीच. दुसरे दोघं मंगळवारपासून. मी पुन्हा पटाकडं पाहिलं. सुबक अक्षर, एका ओळीत सगळ्या खुणा. एकसुद्धा खाडाखोड नाही.

पट घेऊन मी ऑफिसात गेले. सर भिंतीवर तक्ते लावून घेत होते.

"सर, गावात कावीळ आहे?"

"एकाला झाली. आप्पांच्या नातवाला. दौंडला ॲडमिट केलाय, बरा आहे आता." आप्पा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. गावातले मोठे बागायतदार.

"तुम्ही पालकांना फोन केले?"

"सोमवारीच केले ना. ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं. आपापली बाटली द्या म्हटलं."

"गटावर का नाही टाकलं?"

त्यांनी तक्ता खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात समिती येतीय. गटावरचं सगळं बाहेर जातं मॅडम. कुणीतरी फोटो काढून पाठवतं, मग पेपरवाले येतात. कशाला?"

"आणि भट्टीवर?"

"त्यांच्याकडं फोन कुठाय?"

एवढ्या सहज म्हणाले ते. भट्टी शाळेच्या फाटकातून दिसते. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर आहे. मी पट त्यांच्यापुढं ठेवला आणि बोट लावून विचारलं, "ही मुलगी सोमवार दुपारपासून घरी आहे. ही हजर कशी?"

"अहो, रोज ॲपवर टाकावं लागतं. टक्केवारी दिसते वर. दोन-चार दिवसांनी येतातच ती पोरं. तुम्ही नव्हता, चार वर्ग मी एकटा बघत होतो. कोण आलं, कोण नाही, मोजत बसू का?"

मोजत बसणं हेच हजेरीचं काम आहे, एवढं म्हणून मी पट उचलला आणि तडक भट्टीकडं निघाले. रजेचा अर्ज नाही, शाळेबाहेर जाताना लिहायच्या हालचाल वहीत नोंद नाही. ती चूक पुढं मला चांगली महागात पडणार होती, पण त्या वेळी डोक्यात नव्हती.

मुलगी झोपडीत गोधडीवर पडलेली होती. डोळे उघडून तिनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा बुबुळांभोवतीचं सगळं हळदीसारखं झालेलं दिसलं. गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ होती. कावीळ उतरवणाऱ्या कुणाकडं तरी आई तिला घेऊन गेली होती आणि त्यानं सांगितलं होतं, माळ लांब होत जाईल तशी कावीळ उतरेल. माळ बेंबीपर्यंत आली होती. पोरगी चार दिवस पोटात काही ठेवत नव्हती. मी नावानं हाक मारली तर हुं म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. एरवी तिचं तोंड बंद करायला मला दोनदा दटावावं लागायचं.

"मुझे बताया क्यों नहीं?" मी आईला विचारलं.

ती बाई विटांच्या धुळीनं लाल झालेल्या हातांनी पदर सावरत म्हणाली, "किसको बताते मैडम? मंगल को मैं स्कूल आई थी. सर बोले, मैडम नहीं है, शनिवार को आना."

शेजारच्या दोन झोपड्यांत आणखी दोन मुलं तापानं पडली होती. मी आशाताईंना फोन लावला. आमच्या आशाताई म्हणजे गावातल्या आरोग्याच्या सगळ्या कामाला धावणारी बाई. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला आत्ता कळतंय हो. सरांनी मला बी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर सोमवारीच औषध टाकलं असतं ना टाकीत." त्या दहा मिनिटांत आल्या आणि त्या दोघा मुलांपाशी थांबल्या. मी मुलीला आणि आईला स्कूटीवर मागं घेतलं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागून, हळूहळू, आई मध्ये पोरीला धरून. ती माझ्या पाठीला टेकली होती आणि स्वेटरमधूनही तिचा ताप मला लागत होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पोरीच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, सलाईन लावायला सांगितलं आणि माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही कोण?"

"शिक्षिका."

"कधीपासून आजारी आहे?"

"सोमवारपासून शाळेत नाही."

"आज शनिवार आहे. शाळेत हजेरी घेत नाही का तुम्ही?"

माझा हात पिशवीकडं गेला. हजेरीपट माझ्या पिशवीत होता. घाईत तसाच बरोबर आला होता. तो काढून त्यांना दाखवावा असं क्षणभर वाटलं. पण त्यात तर ती मुलगी हजर होती.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी तिला पुण्याला पाठवायचं ठरवलं. गुंगी फार आहे, इथं ठेवून चालणार नाही, म्हणाल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांना विचारलं, सोमवारी कळलं असतं तर झालीच नसती का कावीळ? त्या म्हणाल्या, "झाली असती. दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन-तीन आठवडे तरी जातात. पण इतकी कोरडी पडली नसती पोरगी. आणि बाकीची मुलं आठवडाभर तेच पाणी पीत राहिली नसती."

दोन-तीन आठवडे. म्हणजे मी प्रशिक्षणाला जायच्या कितीतरी आधी. मी तेव्हा रोज शाळेत होते, आणि रोज दौंडच्या घरातून माझी स्वतःची पाण्याची बाटली भरून नेत होते. टाकी शेवटची कधी धुतली हे मी कधी विचारलं नव्हतं. टाकीला बाहेरून नवा रंग दिला तेव्हा त्याचा फोटो मीच काढला होता. सरांवर मी रागावले होते आणि आजही आहे, पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसून जो राग आला तो पहिला माझ्यावर होता.

रविवारी मी घरी बसून कागद लिहिले. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि खाली हिंदीत. शाळेच्या टाकीचं पाणी पिऊ नका. पाणी उकळून प्या. मुलाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या होत असतील, तर दवाखान्यात न्या. मूल शाळेत येणार नसेल तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या, मी उलट फोन करीन. खाली माझा नंबर. सोमवारी शाळा भरायच्या आधी एक कागद दूध डेअरीच्या दारावर, एक पिठाच्या गिरणीत, एक मारुतीच्या देवळाजवळ आणि एक भट्टीवरच्या पाण्याच्या हौदाशेजारी लावला. भट्टीवर बायांना वाचूनही दाखवला, कारण तिथं वाचणारं कुणी नव्हतं.

दुपारपर्यंत आप्पा शाळेत आले. शांत माणूस, आवाज कधी चढत नाही.

"बसा मॅडम. त्ये डेअरीवरचं कागद तुमी लावलं?"

"हो आप्पा."

"काढून टाका."

"का?"

"गावाचं नाव खराब व्हतंय. पाव्हणंरावळं येत्यात, डेअरीवर बाहेरच्या गाड्या येत्यात. काविळीचं गाव म्हणतील. टाकी धुऊन घिऊ की, मी सांगतो ग्रामपंचायतीला. कागदाची काय गरज हाय?"

"तुमच्या नातवाला कावीळ झाली तेव्हा तुम्ही सरांना फोन केलात. सरांनी गावात फोन केले. तुमचा नातू वेळेवर दवाखान्यात गेला, हे चांगलंच झालं. भट्टीवरची पोरगी पुण्याला पडलीय. तिच्या आईला कुणी सांगायचं?"

"ती लोकं आज हायती, उद्या न्हाईती."

"पटावर आहेत आप्पा. तुमच्या नातवाच्या खाली दोन ओळींवर नाव आहे तिचं."

आप्पा उठले. जाताना म्हणाले, "तुमी बाहेरच्या. तुमास्नी कळायचं न्हाई." कागद मी काढले नाहीत. डेअरीवरचा संध्याकाळपर्यंत कुणीतरी फाडला होता. मी दुसऱ्या दिवशी नवा लावला. तो राहिला. पुढं मला कळलं की डेअरीतल्या म्हाताऱ्या मापाड्यानं फाडणाऱ्याला दम दिला होता, की माझी बी नात शाळंत हाय.

त्या आठवड्यात पालकसभा मागण्यासाठी गावातल्याच चार बाया माझ्या पाठीशी आल्या. सरांना ती घ्यावी लागली. व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. भट्टीवरच्याही तीन बाया आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मुलीची आईही त्यांच्यात होती. नवरा पुण्याला मुलीजवळ थांबला होता आणि ती आदल्या दिवशी धाकट्यांसाठी परत आली होती.

सरांनी स्वच्छतेवर बोलायला सुरुवात केली. मी मध्येच उठले आणि म्हटलं, मला एक वाचून दाखवायचंय. हजेरीपट उघडला आणि त्या पाच दिवसांची भट्टीवरच्या मुलांची हजेरी वाचली. सोमवार, हजर. मंगळवार, हजर. प्रत्येक वार, प्रत्येक मुलाचं नाव. पट मिटून खाली बसले.

गावातली एक आई उठली. "सर मला फोनवर बोललं व्हतं, कुणाला सांगू नका म्हणून. मी बी न्हाई सांगितलं. माझ्या रानात ह्याच बाया कांदं लावायला हुत्या त्या दिवशी. दिवसभर माझ्याबरुबर हुत्या, आन् मी त्यांना बोलले न्हाई." एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून खाली बसली. तिच्यावर रागवावं असं मला वाटलं होतं, पण सबंध गावात तेवढं कबूल करणारी ती एकटीच निघाली.

मग खांबाजवळून मुलीच्या आईनं विचारलं. तिचा आवाज वाढला नव्हता. "सर, किताब में लिखा है मेरी बच्ची पाँच दिन स्कूल में थी. तो मेरे घर में कौन पड़ी थी?"

सर हातातल्या कागदाकडं बघत राहिले. आप्पांनी घड्याळ पाहिलं.

दोन दिवसांत टाकी उपसली. आत गाळ हातभर होता आणि गटाराशेजारून येणारी पाइपलाइन एका ठिकाणी तडकलेली निघाली. ग्रामपंचायतीनं ती बदलली. एवढं सोपं होतं ते. मूल्यांकन समिती ठरल्या दिवशी आली, तक्ते पाहून गेली आणि नंतर शाळेला प्रशस्तिपत्र आलं. ते ऑफिसात लागलं आहे.

मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली. शाळेच्या वेळेत विनापरवानगी शाळा सोडली आणि शाळेची बदनामी होईल असे कागद गावात लावले. मी एका पानात उत्तर लिहिलं आणि त्या पाच दिवसांच्या हजेरीची प्रत जोडली. त्यावर मला पुढं काही विचारलं गेलं नाही. सरांनाही नाही. त्या प्रतीकडं कुणी पाहिलं तरी का, मला माहीत नाही. उन्हाळ्यात सरांची त्यांच्या घराजवळ बदली झाली. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं आणि मुलांना जेवायला वाढत राहिले.

मुलगी बरी झाली. महिन्याभरानं शाळेत आली तेव्हा इतकी वाळली होती की गुडघे तेवढे दिसत होते. पहिल्या दिवशी आई स्वतः तिला सोडायला आली आणि मी हजेरी घेऊन होईपर्यंत दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. मी पट तिच्यापुढं धरायची, तिला वाचता येत नव्हतं तरी. आठवडाभर ती रोज येत राहिली आणि मला त्याचं वाईट वाटण्याचा काही अधिकार नव्हता. निरोप सांगायचं काम मी त्या मुलीला पुन्हा दिलं नाही. शाळा सुटली की मीच भट्टीवरून फेरी मारून स्कूटी काढायची. आजही मारते. जे मूल आलं नाही त्याच्या घरी पहिल्या सुटीच्या आत फोन जातो, आणि फोन नसेल तर मी जाते. नवीन मुख्याध्यापकांनी गटाचं कुलूप काढलं. त्यावर फालतू संदेश फार येतात. येऊ देत.

गेल्या वर्षी शिरूरला एका प्रशिक्षणात ते जुने सर भेटले. चहाच्या सुटीत कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले, केंदूरकडच्या एका शाळेतल्या बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर हसत म्हणाले, "काय मॅडम, अजून राग आहे का आमच्यावर?"

"आहे," मी म्हटलं.

ते हसायचे थांबले. शेजारच्या बाई एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघू लागल्या. मी त्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं, आणि सर तिथं उभे असतानाच सांगितलं.